संपायला दिवस नसलेला शिमगा

रशियन समीक्षक मिखाईल बाख्तिन यांनी 1965 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच लेखक राबले यांच्यावरील ग्रंथात कार्निव्हलचा, म्हणजे प्रतिष्ठेची उतरंड ठरावीक काळापुरती उलटी करणाऱ्या लोकोत्सवाचा, विचार करताना विदूषकाला राजमुकुट चढवणे आणि पुढे तो काढून घेणे या जोडविधीला मध्यवर्ती स्थान दिले. महाराष्ट्राला हा विधी परका नाही. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील विडा गावात धुळवडीला जावयाला चपलांचा हार घालून गाढवावरून मिरवतात, मात्र मिरवणूक संपताच त्याला नवे कपडे आणि सोन्याची अंगठी देतात. या प्रथेचे खरे शहाणपण त्या आहेरात आहे, कारण टवाळी झालेल्याला त्याचा मान त्याच दिवशी परत मिळतो.

मान परत देणारा असा दिवस मोबाइलवरच्या जत्रेला मात्र नाही. मराठवाडा-विदर्भातून पुण्याजवळच्या निगडी-चाकण पट्ट्यात आलेल्या ज्या कामगारांची गावची जत्रा रजेअभावी हुकते, त्यांना मोबाइलवरचे 'लाइव्ह', म्हणजे घडते त्याच क्षणी दिसणारे प्रक्षेपण, रोज रात्री जत्रा पुरवते. त्याचा व्यवहार तमाशातील दौलतजादेचाच आहे: प्रेक्षक पैसे मोजून आभासी भेट पाठवतो, कलाकार त्याचे नाव पुकारतो आणि त्यातला वाटा मंच चालवणारी कंपनी घेते; यूट्यूबच्या सुपर चॅटमध्ये, म्हणजे पैसे मोजून पाठवायच्या संदेशांत, हा वाटा साधारण 30 टक्के असतो. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की तमाशाचा हंगाम संपतो, तर इथे तो संपतच नाही आणि विसावा घेणारा कलाकार विसरला जातो.

अशा कलाकाराच्या पडझडीसाठी प्रेक्षकांनी पाठ फिरवणेही आवश्यक नसते. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह 59 चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, आणि ग्रामीण महाराष्ट्रातील अनेकांनी जमवलेला प्रेक्षक एका आदेशासरशी नाहीसा झाला. बारामती तालुक्यातील मोढवे गावचा, आई-वडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेला सूरज चव्हाण त्यांपैकीच एक. त्याच्या बोलण्याला हसणाऱ्यांनीच त्याला मोठे केले होते. बंदीनंतरही तो टिकून राहिला आणि 6 ऑक्टोबर 2024 रोजी प्रेक्षकांच्या मतांवर चालणाऱ्या 'बिग बॉस मराठी' या दूरचित्रवाणी स्पर्धेच्या पाचव्या पर्वाचा विजेता ठरला, ही त्याच्या चिकाटीची मोठी कमाई मानली पाहिजे. तथापि एप्रिल 2025 मध्ये आलेला त्याचा 'झापुक झुपूक' हा चित्रपट तिकीटबारीवर फारसा चालला नाही: मत देणे फुकट होते, तिकिटाला मात्र पैसे आणि अर्धा दिवस खर्चावा लागत होता.