कुरकूर आणि तक्रार

घरांतील नळ गळूं लागला तर आपण लागलीच माणूस बोलावितों. परंतु संगणकावर उघडलेला कागद नीट दिसेना, तर घटकाभर कुरकुरतों आणि पुढें निमूटपणें सोसतों. सातबाऱ्याचा उतारा, विम्याचे कागद, मुलांचीं पाठ्यपुस्तकें, जुन्या मासिकांचे अंक हें सारें आज पीडीएफ या एकाच रूपानें घरांत येतें. तें दाखविणारें सॉफ्टवेअर चांगलें कीं वाईट, हा प्रश्न त्यामुळें केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नाहीं. असें सॉफ्टवेअर सुधारतें कसें, आणि त्यांत वाचणाऱ्याचा वांटा कोणता, हें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पीडीएफ ही पद्धति ॲडोबी कंपनीनें १९९३ सालीं बाजारांत आणिली. कागद कोणत्याही यंत्रावर उघडला तरी त्याचें रूप बदलूं नये, हा तिचा हेतु. १ जुलै २००८ रोजीं तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. तत्पूर्वींच इतरांनींही असे कागद दाखविणारीं साधनें तयार केलीं होतीं. त्यांपैकीं ऑक्युलर हें साधन केडीई या स्वयंसेवकांच्या संघाचें. त्याचें काम २००५ मध्यें सुरू झालें. तें विनामूल्य मिळतें आणि त्याची अंतर्गत घडण कोणासही पाहतां येते.

ऑक्युलरमध्यें कागदाच्या समासांत टिपणें लिहिण्याची सोय आरंभापासून होती. परंतु हीं टिपणें कागदांत न राहतां लिहिणाऱ्याच्या संगणकावर निराळ्या ठिकाणीं साठविलीं जात. मूळ कागदास धक्का लागत नसे, हें खरें. पण समजा, घरच्या मुलीनें प्रबंधाच्या मसुद्यावर टिपणें लिहून तो मार्गदर्शकांकडे पाठविला, तर मसुदा तेवढा जाई आणि टिपणें घरींच राहत! वापरणाऱ्यांनीं ही अडचण पुनः पुनः कळविली. उपाय मात्र सोपा नव्हता. ऑक्युलरच्या पोटांत पीडीएफ वाचण्याचें काम पॉपलर नांवाचें दुसरें सॉफ्टवेअर करतें. आधीं त्यालाच टिपणें लिहावयास शिकवावें लागलें. २०१२ सालच्या आवृत्तींत टिपणें पीडीएफमध्यें कायमचीं ठेवण्याची सोय झाली, आणि डिसेंबर २०१७ च्या आवृत्तींत टिपणें व अर्जांत भरलेला मजकूर जतन करण्याची रीतच बदलण्यांत आली. एक साधी गैरसोय पुरती दूर होण्यास इतकीं वर्षें लागलीं; पण ज्यांनीं ती चिकाटीनें कळविली, त्यांचें सांगणें वायां गेलें नाहीं.

अशा रीतीनें तयार झालेली नवी आवृत्ति आपण घेतली नाहीं, तर मात्र हा सारा खटाटोप आपल्यापुरता व्यर्थ होय. "नवी आवृत्ति उपलब्ध आहे" ही सूचना दिसतांच ती मिटवून टाकण्याची संवय बऱ्याच घरांतून आढळते. २०१७ मध्यें एव्हिन्स या अशाच एका साधनांत असें आढळून आलें कीं, चित्रकथांची एक विशिष्ट प्रकारची फाइल उघडली असतां परक्याची आज्ञा आपल्या संगणकावर चालूं शकते. हें छिद्र लागलीच बुजविण्यांत आलें; पण ज्यानें सुधारलेली आवृत्ति घेतली नाहीं, त्याचें दार उघडेंच राहिलें.

आपल्या भाषेची अडचण थोडी निराळी आहे. 'किती' या शब्दांतील ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना 'क'च्या आधीं दिसते, पण संगणकाच्या स्मृतींत ती 'क'च्या मागून येते. पीडीएफमध्यें मुख्यतः अक्षरांच्या आकृति व त्यांच्या जागा नोंदलेल्या असतात; कोणती आकृति म्हणजे कोणतें अक्षर, याची किल्ली फाइलींत बरोबर नसेल, तर छापल्यासारखा स्वच्छ दिसणारा मजकूर उतरून घेतांना विस्कटतो आणि शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. जुन्या फाँटांत तर रोमन अक्षरांच्या जागीं मराठी आकृति बसविलेल्या असत. तेथें मराठी ओळ उतरून घ्यावी आणि निरर्थक रोमन अक्षरें पदरीं पडावीं, असा प्रकार होतो.

येथें दोष साधनाचा कीं फाइलीचा, हें आधीं ठरविलें पाहिजे. तीच फाइल दुसऱ्या साधनांत उघडून पाहावी. मात्र ऑक्युलर आणि एव्हिन्स हीं दोन्ही पॉपलरवरच चालतात. तेव्हां त्यांची साक्ष एकमेकांस पुरेशी नाहीं. फायरफॉक्सची घडण निराळी आहे, म्हणून त्यांतही पाहावें. सर्वत्र तोच बिघाड दिसला, तर तक्रार बहुधा फाइल तयार करणाऱ्याकडे जावयास हवी.

तक्रार कशी लिहावी? "नीट चालत नाहीं" एवढेंच लिहिणें म्हणजे वैद्यापुढें बसून "बरें वाटत नाहीं" एवढेंच सांगणें होय. साधनाची आवृत्ति कोणती, संगणक कोणता, काय काय क्रमानें केलें, काय दिसावयास हवें होतें आणि प्रत्यक्षांत काय दिसलें, हें लिहावें. एका तक्रारींत एकच दोष असावा. नमुन्याची फाइल जोडावी. पण आधारपत्र, बँकेचा उतारा किंवा औषधांचे कागद कधींही पाठवूं नयेत. तोच दोष दाखविणारी एखादी निरुपद्रवी फाइल पुरेशी असते.

या कामीं एकत्र कुटुंबासारखी परीक्षक-मंडळी दुसरी नाहीं. अक्षर मोठें केलें कीं ओळ कोठें नाहींशी होते, हें आजींना प्रथम कळतें. फोनवर पान कोठें अडतें, हें नातवास ठाऊक असतें. साधन घडविणारा कितीही कुशल असो, त्याला आजींचे डोळे नाहींत. आजींनीं सांगावें, नातवानें लिहावें, आणि सुनेनें किंवा मुलानें तें एकदां वाचून धाडावें. घरांत केलेली कुरकूर घरांतच विरते. तीच नीट लिहून योग्य स्थळीं पोंचविली, तर आपल्यासारख्याच दुसऱ्या एखाद्या घरचा कागद उद्यां स्पष्ट दिसूं लागेल.