पोटभर चालणं, पोटभर जेवण

गुरुग्रामच्या गोल्फ कोर्स रोडवरून पहिल्यांदा जाणाऱ्याला गोल्फ कोर्स काही दिसत नाही. दिसतात ते भुयारी रस्ते, काचेच्या इमारती, डोक्यावरून धावणारी रॅपिड मेट्रो आणि उंच सोसायट्यांच्या कमानी. ज्याच्या नावावर हा रस्ता चालतो, ते मैदान या सगळ्याच्या पाठीशी दडलेलं आहे. आत जायचं तर कुणी सभासद ओळखीचा हवा, नाहीतर खिसा जड हवा.

डीएलएफ गोल्फ अँड कंट्री क्लब १९९९ साली सुरू झाला. मूळ मैदान आखलं होतं अमेरिकेच्या अर्नॉल्ड पामर यांनी. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या गॅरी प्लेअर यांनी आखलेलं अठरा होलचं नवं मैदान आलं आणि पामर यांच्या मैदानातले नऊ होल राहिले. प्लेअर यांनी पाहुण्यांचा मुलाहिजा ठेवलेला नाही. हिरवळीला विचित्र उतार, वाळूचे बंकर इतके खोल की आत उतरलेल्या माणसाचं नुसतं डोकं दिसावं. २०१७ पासून इंडियन ओपन ही स्पर्धा बहुतेक वेळा इथेच होते. २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या स्टीफन गॅलाकरने शेवटच्या दिवशी सातव्या होलवर चारच्या जागी आठ फटके घेतले आणि तरीही करंडक तोच घेऊन गेला. या मैदानाचा स्वभाव सांगायला एवढं पुरे.

पण हौशी माणूस इथे करंडकासाठी येत नाही. तो येतो चालायला. अठरा होलची लांबी सात हजार यार्डांच्या वर, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या आसपास. हरवलेला चेंडू शोधण्यात आणखी वळसे पडतात ते वेगळेच. चार-साडेचार तास मऊ जमिनीवर, हॉर्न न ऐकता, रस्ता ओलांडायची धास्ती न बाळगता चालायचं. ज्या शहरात फूटपाथ मध्येच गायब होतो आणि समोरच्या दुकानात जायलाही गाडी काढावी लागते, तिथे ही चैन साधी नव्हे. गुरुग्राममध्ये गोल्फ एवढा का रुजला, याचं उत्तर खेळाच्या नियमांत कमी आणि शहराच्या रस्त्यांत जास्त सापडतं.

या चालण्यात सोबत असते कॅडीची. बॅग उचलणं हे त्याचं वरवरचं काम. खरं काम हिरवळीवर. चेंडूच्या मागे तो उकिडवा बसतो, डोळे बारीक करतो, मग पलीकडे जाऊन उलट्या बाजूने तोच उतार बघतो, आणि हळूच म्हणतो, ‘सर, दो कप लेफ्ट.’ कप म्हणजे होलची रुंदी, जेमतेम पावणेअकरा सेंटिमीटर. नेम होलवर नको, डावीकडे दोन कप सोडून धर, बाकीचं उतार बघून घेईल, असा त्याचा अर्थ. साहेब बहुधा ऐकत नाहीत. चेंडू उजवीकडून निसटतो. कॅडी काही बोलत नाही, पुढच्या होलकडे चालू लागतो.

हे लोक नुसतं ओझं वाहत राहिले नाहीत. २००९ ची इंडियन ओपन याच क्लबवर सी. मुनियप्पाने जिंकली, तो बंगळुरूचा एकेकाळचा कॅडी. २०१७ मध्ये जिंकणारा एसएसपी चौरसिया हा कोलकात्यातल्या रॉयल कलकत्ता क्लबच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा. कॅडींच्या गोष्टीबाहेरचा, पण याच मैदानावरचा आणखी एक विजय: २०१६ मध्ये अठरा वर्षांच्या अदिती अशोकने महिलांची इंडियन ओपन इथेच जिंकली. लेडीज युरोपियन टूरवर जिंकणारी ती पहिली भारतीय.

दोन दिवस मोकळे असतील तर गुरुग्रामच्याही बाहेर पडावं. जयपूर हायवेने मानेसरच्या बाजूला जाऊन आत वळलं की नूंह जिल्ह्यातलं तावडू लागतं. गाव छोटं, बाजारही जेमतेम. जवळच हसनपूरला क्लासिक गोल्फ अँड कंट्री क्लब आहे, सत्तावीस होलचा, जॅक निकलस यांनी आखलेला, आणि त्याला लागून आयटीसीचं ग्रँड भारत हे रिसॉर्ट. चहूकडे अरवलीच्या बोडक्या टेकड्या. २०१८ मध्ये नीती आयोगाने मागास जिल्ह्यांची क्रमवारी लावली तेव्हा नूंह तळाला होता. त्या जिल्ह्यात हे हिरवं बेट आहे, हे आत गेल्यावरही विसरू नये.

हंगाम ऑक्टोबर ते मार्च. डिसेंबर-जानेवारीत मात्र धुकं एवढं दाट की पहिला फटका मारायला नऊ-दहा वाजतात. बर्म्युडा गवतही थंडीत झोपी जातं, पिवळं पडतं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाला भिडतो, तेव्हा तांबडं फुटायच्या आत खेळायला निघावं लागतं.

थंडीचं एक बरं असतं, भूक कडकडून लागते. नववा होल संपला की आल्याचा चहा आणि ऑम्लेट-सँडविच, ही अर्ध्या वाटेवरची न्याहारी. खरं जेवण खेळ आटोपल्यावर, आणि ते क्लबात घेण्यापेक्षा हायवेवरच्या ढाब्यावर घ्यावं. बाजरीची रोटी आपल्या भाकरीपेक्षा जाड, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. सोबत सरसोंचा साग, पकोड्यांची कढी आणि कचरीची चटणी. कचरी हे रानकाकडीच्या जातीचं इवलंसं आंबट फळ; लाल मिरची-लसणाबरोबर वाटलं की आपल्या ठेच्याच्या पंगतीत बसायला हरकत नाही. बाजरीची कुटून शिजवलेली खिचडी मिळाली तर वर तूप मागून घ्यावं. शेवटी लस्सीचा मोठा पेला. मग गाडी चालवायची जबाबदारी दुसऱ्या कुणावर सोपवलेली बरी.

पुण्या-मुंबईहून कामानिमित्त इथे येणाऱ्या आणि क्लबात ओळखपाळख नसलेल्या माणसाने हिरमुसून जाऊ नये. दिल्लीच्या हद्दीत, लाडोसरायला दिल्ली विकास प्राधिकरणाचं (डीडीए) कुतुब गोल्फ कोर्स आहे. तिथे सभासद नसला तरी पैसे भरून खेळता येतं. खेळायचंच नसेल तर गुरुग्राममध्येच अरवली बायोडायव्हर्सिटी पार्क आहे. खाणींनी पोखरलेल्या माळावर २०१० पासून नागरिकांनी आणि पालिकेने तिथे देशी झाडांचं रान उभं केलं. ढोक, सालई, खैर अशा अरवलीच्या मूळच्या झाडांतून पायवाटा जातात. गोल्फ कोर्सची हिरवळ पाणी आणि माळी नसतील तर एका उन्हाळ्यात जळून जाईल. हे रान आता बरंचसं आपल्या हिमतीवर उभं आहे. जेवणाआधीची दोन तासांची चाल इथेही होते, आणि भूकही तितकीच लागते.