आपली हळद दुबईला जाईल का?

फाल्गुनात पुसदहून उमरखेडच्या रस्त्याला लागलं, की एस.टी.च्या खिडकीतून हळद शिजल्याचा वास येतो. ओला, मातकट, किंचित कडवट. शेतात बायका ओळीनं बसलेल्या असतात, खणून काढलेल्या गड्ड्यांची हळकुंडं मोडून वेगळी करत. संध्याकाळपर्यंत त्यांचे हात पिवळे होतात, पण लग्नघरातल्यासारखे नाहीत; मातीनं काळवंडलेले पिवळे.

आमच्या बचत गटातल्या बाराजणींपैकी सातजणी याच कामाला जाणाऱ्या. चार वर्षांपासून आम्ही हळद दळून पाव-पाव किलोची पाकिटं विकतो. मागच्या वर्षी एकीचा भाचा दुबईहून आला होता. जाताना दहा पाकिटं घेऊन गेला, आणि तिथल्या ओळखीच्या दुकानदारानं ‘अजून मिळेल का’ म्हणून विचारलं. झालं! पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करायचे राहिले बाजूला. "ताई, आपली हयद दुबईले जाईन का वो?" एकीनं विचारलं आणि सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या.

मी शाळेतून निवृत्त झालेली बाई. वाणिज्य मंत्रालय म्हणजे पेपरात येणारे निर्यातीचे आकडे, एवढंच माझं ज्ञान. तेवढ्यात ओळखीचे एक गृहस्थ भेटले. ‘एक्स्पोर्टचं लायसन्स’ काढून देतो, नऊ हजार पडतील, म्हणाले. आम्ही साडेचार हजार आगाऊ दिले. तीन महिने ‘साइट बंद आहे, मॅडम’ ऐकलं. मग फोन उचलणंही बंद झालं.

शेवटी माझी भाची कॉम्प्युटरवर बसली, तेव्हा कळलं की ज्याला ते लायसन्स म्हणत होते तो आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी. वाणिज्य विभागाच्या अखत्यारीत विदेश व्यापार महासंचालनालय आहे, ते हा कोड देतं. अर्ज घरबसल्या ऑनलाइन. पॅन, बँक खातं आणि पत्त्याचा पुरावा लागतो. फी किती? ५०० रुपये! कोडचा आकडाही वेगळा नाही, आता आपला पॅन नंबर हाच कोड. काही अडलं तर या महासंचालनालयाचं कार्यालय नागपूरला आहे.

खरी अडचण पुढे आली. गटाच्या नावावर पॅन नव्हतं. मग कोड काढायचा कुणाच्या नावानं? एकजण म्हणाली, "माह्या मालकाच्या नावानं काढा, त्यायले समजते सारं." दोन मिनिटं कुणीच बोललं नाही. मग जिनं दुबईचं पहिल्यांदा विचारलं होतं तीच म्हणाली, "हयद आपून मोडाची, अन् नाव मालकाचं?" तासभर वादावादी झाली. अखेर तिच्याच नावानं काढायचं ठरलं. हिशेबाची वही मात्र बाराजणींच्या सह्यांची.

कोड मिळाला म्हणजे निर्यात झाली असं नाही, बरं का. मसाल्याचा पदार्थ असल्यानं मसाला मंडळाकडे निर्यातदार म्हणून नोंदणी करावी लागते. हे मंडळही वाणिज्य मंत्रालयाचंच, मुख्यालय कोचीला. शिवाय अन्नसुरक्षेचा परवाना हवा आणि बँकेचा कोड कस्टम्सकडे नोंदवायला हवा. सुरुवातीला थोडाच माल असेल तर पोस्टातूनही पाठवता येतो. २०२२ पासून पोस्टानं त्यासाठी डाक घर निर्यात केंद्रं सुरू केली आहेत. आणि २०२५ च्या जानेवारीत राष्ट्रीय हळद मंडळही सुरू झालं, तेलंगणात निजामाबादला. आपल्याकडून तसं लांब नाही.

भाचीनं आकडेही काढून दिले. २०२३-२४ मध्ये भारतानं ४३७ अब्ज डॉलरचा माल बाहेर पाठवला. सेवा धरल्या तर ७७८ अब्ज. त्यात हळद आणि हळदीचे पदार्थ २२ कोटी ६५ लाख डॉलरचे, १ लाख ६२ हजार टन. मी वहीत भागाकार मांडला. निर्यातीच्या मालातल्या शंभर रुपयांत हळदीचे जेमतेम पाच पैसे! किलोमागे सरासरी पडते ती सव्वाशेच्याही आत. म्हणजे जगाच्या हळद व्यापारात निम्म्याहून जास्त वाटा आपला, पण जाते ती बहुतेक गोणीतून. तिकडे तिचं पाकीट होतं, कॅप्सूल होते, आणि पैसा तिथे होतो. हे मला फार लागलं.

लागायला कारणही आहे. १९९५ साली अमेरिकेत हळदीनं जखम भरते याचं चक्क पेटंट दिलं गेलं होतं, मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. संस्कृत ग्रंथ आणि जुने लेख पुढे करून या संस्थेनं ते पेटंट १९९७ मध्ये रद्द करवलं. विळीनं बोट कापलं की आधी हळदीचा डबा शोधणाऱ्या आपण सगळ्या, आपल्याला कुणी विचारलं असतं तरी भागलं असतं!

पण नुसत्या अभिमानानं माल खपत नाही. बाहेरचे लोक शिसं तपासतात, कीटकनाशकांचे अंश तपासतात. हळकुंड उठून दिसावं म्हणून लेड क्रोमेटचा पिवळा रंग चढवण्याची खोड काही ठिकाणी आहे, आणि त्यातलं शिसं लेकरांच्या मेंदूला घातक. आमची हळद घरची, तिला रंग नाही. पण दळणाची गिरणी दुसऱ्याची. तिथे आमच्या आधी कुणाचं काय दळलं, कुणाला माहीत? भाचीनं हे विचारलं तेव्हा आम्ही गप्पच झालो. आता नमुना नागपूरच्या प्रयोगशाळेत दिलाय. निकाल यायचाय. शिसं निघालं तर गिरणी बदलायची, नाहीतर स्वतःची छोटी घ्यायची; त्यासाठी कर्जाचं बोलणं सुरू आहे.

साडेचार हजार परत आले नाहीत. कोड मात्र आला. त्याची माहिती दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये ऑनलाइन अद्ययावत करावी लागते. काही बदल नसला तरी ‘बदल नाही’ असं कळवायचं, नाहीतर तो बंद पडतो. गटातल्या सगळ्यात धाकट्या सुनेनं माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं एप्रिलचं पान उलटलं आणि त्यावर हळदीच्याच बोटानं गोल करून ठेवलाय.