छत्री कुठे विसरलात?

वैजापूरला रेल्वेने जायचं, तर उतरावं लागतं रोटेगावला. समजा, पावसाळ्यात एक जण तिथल्या बाकावर छत्री ठेवून तसाच गावात आला. 'छत्री स्टेशनवर विसरलो,' असं तो घरी सांगेल आणि त्यात कुणाला काही खटकणार नाही. त्याच्या मुलाने हेच इंग्रजीच्या वहीत 'आय फरगॉट माय अम्ब्रेला ॲट द स्टेशन' असं उतरवलं, तर मात्र काटेकोर सर लाल पेन काढतील. नुसतं 'आय फरगॉट माय अम्ब्रेला' चालतं. ठिकाण सांगितलं की तिथे 'लेफ्ट' हवं. बोलताना खुद्द इंग्रजही हा नियम मोडतात, पण त्यांचा पेपर कोण तपासतो?

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. तरी 'फरगेट'च्या पुढे 'टु' लावायचं की 'इंग', इथे दहावीची मुलंही अडखळतात. खरं तर याचं उत्तर त्यांच्या तोंडातच असतं. 'कुलूप लावायला विसरलो' म्हणजे कुलूप लावलंच नाही, दार उघडं. हे 'फरगॉट टु लॉक'. 'कुलूप लावल्याचं विसरलो' म्हणजे कुलूप लागलेलं आहे, आठवण तेवढी गेली; म्हणून माणूस अर्ध्या वाटेतून परत येऊन कडी ओढून बघतो. हे 'फरगॉट लॉकिंग'. 'लावायला' आणि 'लावल्याचं' यांतला फरक वैजापूरच्या पोराला कुणी शिकवावा लागत नाही. फळ्यावर आधी ही दोन मराठी वाक्यं लिहिली, तर निम्मा तास वाचेल. 'फरगेट'पुढे 'इंग'चा प्रयोग इंग्रजीत तसा कमीच. तो जास्त भेटतो 'नेव्हर'च्या सोबतीने. पहिल्यांदा समुद्र पाहिल्याचं कधीच विसरणार नाही, अशा वाक्यात.

काळाचीही एक गंमत आहे. नाव ओठांवर येऊन अडलं की इंग्रज म्हणतो, 'आय फरगेट हिज नेम.' साधा वर्तमानकाळ. मराठी कानाला ते 'मी त्याचं नाव विसरतो', म्हणजे रोजची खोड, असं ऐकू येतं. त्याला म्हणायचं असतं एवढंच, की आत्ता आठवत नाहीये.

दोन्ही शब्दांची मुळंही वेगवेगळ्या दिशांना जातात. जुन्या इंग्रजीतल्या 'फरगिएटन'मध्ये हाती धरलेलं निसटण्याची कल्पना आहे. आपलं 'विसरणे' संस्कृतातल्या 'स्मृ' धातूला 'वि' लागून, प्राकृतातून घासत आलेलं. (जमिनीच्या सौद्यातला 'विसार' वेगळा. तो दिलेला कुणी विसरत नाही.)

मराठीतली खरी वाकडी चाल वेगळीच आहे. 'त्याने छत्री आणली', 'त्याने छत्री हरवली', पण 'तो छत्री विसरला'. कर्म समोर असूनही क्रियापद कर्त्याच्याच मागे जातं. शिकणे, बोलणे हीही त्याच पंगतीतली. इंग्रजीच्या अपवादांना नावं ठेवताना आपला हा अपवाद सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

राहता राहिलं 'फरगेट इट'. त्याचं 'ते विसर' असं शब्दशः भाषांतर हल्ली डब केलेल्या सिनेमांत ऐकू येतं. रोटेगावहून छत्री आणायला कोण परत जाणार, असा प्रश्न घरात निघाला, तर आजी म्हणेल, 'जाऊ दे.'