आजऱ्याच्या बाजारात घनसाळ ओळखताना

मेसच्या भातावर आपण रोजच विनोद करतो. पण मी पडलो भाताच्या गावचा! आजऱ्याच्या आठवडी बाजारात लहानपणापासून आईबरोबर तांदळाचं पोतं घेऊन बसतोय.

आमचा तांदूळ म्हणजे आजरा घनसाळ. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दाणा आखूड, पण भात शिजला की शेजारच्या घरी कळतं. सुवासिक तांदळाचा हा वास मुख्यतः '२-अ‍ॅसिटाइल-१-पायरोलीन' या संयुगाचा. बासमतीतही तेच असतं. ते हवेत उडून जातं, म्हणून साठवणीत वास हळूहळू कमी होतो.

आई गिऱ्हाइकाच्या हातावर आधी मूठभर दाणे ठेवते. "चोळा, तोंडाची वाफ सोडा नि वास घ्या बघू." उबेनं वास सुटतो. मग म्हणते, "वरचे नको, तळाचे दाणे काढून बघा."

यामागं कारण आहे. गेल्या साली एकानं वर घनसाळ, खाली साधा तांदूळ भरून स्वस्तात विकला. आमचं निम्मं पोतं घरी परत आलं. घनसाळाचं रोप उंच, वाऱ्यापावसात लोळतं. उताराही संकरित भातापेक्षा कमी. मग दर नाही मिळाला तर लावणार कोण? बाबा म्हणाले, "पुढच्या साली निम्म्या रानातच लावू."

तेव्हा आजऱ्याला आलात, तर पोत्यात खुशाल कोपरापर्यंत हात घाला. आई रागावणार नाही.