जुनीं विमानें कां विकतात ?

स्वस्त भाड्याची विमान-कंपनी तोट्यांत आली, कीं आपलीं जुनीं विमानें विकूं लागते. याचें उदाहरण म्हणून आम्ही अमेरिकेंतील ‘स्पिरिट’ कंपनी घेतों. २०२३ सालीं तिला सुमारें ४४.७ कोटि डॉलरांचा तोटा झाला. शिवाय इंजिनांतील दोषामुळें तिचीं कित्येक नवीं विमानें जमिनीवर खिळलीं. ऑक्टोबर २०२४ मध्यें तिनें २३ जुनीं एअरबस विमानें सुमारें ५१.९ कोटि डॉलरांस विकण्याचा करार केला. अशा विक्रीनें रोकड हातीं येते व कर्ज हलकें होतें. परंतु आसनें घटल्यानें मिळकतही घटते. पुढच्याच महिन्यांत कंपनीस दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. बैल विकून सावकाराचें देणें फिटतें. पण पेरणीच्या वेळीं नांगर कशानें ओढावा, हा प्रश्न उरतोच.