जंतू गेला, केस टोचतोच

भारतात खुपऱ्यांचा रोग आता सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिलेला नाही, यावर जागतिक आरोग्य संघटनेने ८ ऑक्टोबर २०२४ रोजी शिक्कामोर्तब केले. आग्नेय आशिया विभागात नेपाळ आणि म्यानमारनंतर हा टप्पा गाठणारा भारत तिसरा देश. मात्र या रोगाने आत वळवलेल्या पापण्या त्या दिवशी सरळ झाल्या नाहीत. प्रमाणपत्राच्या निकषातही ‘शून्य रुग्ण’ अशी अट नाही. १५ वर्षांवरील लोकांत, आरोग्ययंत्रणेच्या नजरेतून सुटलेले, पापणी वळलेले रुग्ण हजारी दोनपेक्षा कमी असले की पुरते.

उरलेले कोण, हे समजून घ्यायला माळव्याकडे पाहावे. पवारांच्या धार-देवासमुळे हा मुलूख मराठी घरांना परका नाही. खुपऱ्यांचा जाच ज्या राज्यांनी सर्वाधिक सोसला त्यांपैकी राजस्थान आणि गुजरात या पट्ट्यापासून फार लांब नाहीत. देशाचा खुपऱ्या नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला १९६३ साली. आज पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजींचे बालपण तोवर सरत आले होते आणि हा रोग जडतो तो मुख्यतः बालपणीच.

‘क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस’ हा त्याचा जंतू. हात, टॉवेल, साडीचा पदर आणि डोळ्यांवर बसणाऱ्या माश्या त्याला एका मुलाकडून दुसऱ्याकडे नेतात. एकदा लागण झाली म्हणून पापणी वळत नाही. वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा लागण होत राहिली की वरच्या पापणीच्या आतल्या अस्तरावर व्रण साचतात. व्रण आकसतो आणि पापणीची कड आत ओढली जाते. मुलांची उस्तवार करणाऱ्या बायकांना ही लागण अधिक होते. त्यामुळे या रोगाने येणारे अंधत्व स्त्रियांमध्ये पुरुषांच्या चौपटीपर्यंत आढळते.

पुढचे काम केस करतात. प्रत्येक उघडझापीला ते बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला घासतात. डोळ्यात कुसळ गेल्यासारखे सतत सलते, पाणी वाहते, उजेड सोसत नाही. घासून पडद्याला जखम होते, तिच्यात जंतुसंसर्ग होतो आणि भरून आली तरी पांढरा डाग मागे राहतो. लोक त्याला डोळ्यात फूल पडणे म्हणतात. ते मधोमध पडले की नजर अधू होते.

घरोघरी यावर एकच उपाय चालतो, चिमटा. केस उपटला की तात्पुरते बरे वाटते. काही आठवड्यांत तो पुन्हा उगवतो आणि नव्याने उगवलेला आखूड, ताठ केस अधिक टोचतो. पापणीचे वळण तर तसेच राहते.

आत वळलेली प्रत्येक पापणी मात्र खुपऱ्यांची नसते. शहरांतल्या नेत्ररुग्णालयांत बहुधा दिसते ती वयोमानाने वळलेली खालची पापणी. तिचा ताण सैलावतो, तिला खाली धरून ठेवणारे पडदे ढिले पडतात आणि डोळा मिटणारा स्नायू कडेवर चढतो. रुग्ण तपासायला बसतो तेव्हा ती कधी कधी अगदी सरळ असते. म्हणून डॉक्टर डोळे घट्ट मिटून उघडायला सांगतात, पापणी बोटाने खाली ओढून ती किती चपळाईने जागेवर जाते ते पाहतात. भाजल्याने किंवा औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेनेही व्रण होऊन पापणी वळू शकते.

कारण वेगळे, तशी शस्त्रक्रियाही वेगळी. सैल पापणी बाहेरच्या कोपऱ्याशी ताणून घट्ट बसवतात; थांबावे लागणार असेल तर चिकटपट्टी लावून ती तात्पुरती खाली ओढून ठेवता येते. खुपऱ्यांच्या व्रणासाठी कडेपासून सुमारे ३ मिलिमीटरवर पापणी आडवी छेदतात आणि टाके घालून कड बाहेर फिरवतात. स्थानिक भूल पुरते. काहींमध्ये केस पुन्हा आत येतात, म्हणून नंतरही तपासणी लागते.

कल्पना जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात या विकाराला पक्ष्मकोप म्हटले आहे. पापणीची जवाच्या आकाराची त्वचा काढायची, जखम केसाने शिवायची आणि टाके कपाळावरच्या पट्टीला बांधायचे, असा विधी तिथे आहे.

आज वयस्क माणसे नेत्रशिबिरात येतात ती बहुतेक मोतीबिंदूसाठी. तिथेच पापणीही पाहता येते, नव्हे, पाहावीच लागते. बुबुळावर केस घासत असताना मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केली तर डोळ्यात जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. त्यामुळे अशा रुग्णाची पापणी आधी सरळ करतात, ती बरी झाली की मग भिंगाचे काम हाती घेतात.